तळ्यावरची साय

उजाडायच्या सुमाराला डोंगूरी गावच्या बायका तळ्याच्या काठाला रांग धरून उभ्या होत्या. नेसूचं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, हातात भोपळ्याची तुंबी. रात्रभर उत्तरेचा वारा सुटला होता आणि त्याने पाण्यावरची सगळी शेवाळाची साय लोटत दक्षिणेच्या काठाला आणून जमवली होती. हिरवी, जाड, बोटाने ओढली तर सुरकुती पडेल अशी. ही साय तुंब्याने उचलायची, फडक्यातून गाळायची, वाळूत ओतून वाळवायची की झालं दिहे. त्याच्या वड्या वर्षभर कालवणात पडायच्या, उरल्यासुरल्या चाडच्या मोठ्या सरोवराकाठच्या बाजारात जायच्या. दिहेचं कालवण आणि बाजरीचा उंडा, याच्यावरच डोंगूरीची माणसं वाढलेली.

पाण्यात शिरायचा इशारा यागानाने द्यायचा. तिच्या आधी तो तिच्या सासूने दिला होता, सासूच्या आधी सासूच्या सासूने. कुणी आधी घुसायचं नाही, कुणी ढकलायचं नाही, आणि लव्हाळ्याच्या बाजूची पट्टी विरजणासारखी राखून ठेवायची, एवढं ती बघायची. पुरुषाने तळ्यात पाय घालायचा नाही. घातला तर पाणी वांझ होतं. पुरुष पलीकडच्या खारपट्टीत पहारीने खाराच्या लाद्या उकलायचे, तळं बायकांचं.

त्या दिवशी यागानाने हात वर केलाच नाही. काठावर, तिच्या पावलांपासून हाकेच्या अंतरावर, एक यंत्र मांडलं होतं. त्याला हत्तीच्या सोंडेएवढा जाड काळा पाइप लावला होता आणि पाइपाचं तोंड पाण्याकडे होतं.

यंत्राजवळ चारी उभा होता. तिचा धाकटा दीर. टेकाडावरच्या पत्र्याच्या कारखान्याने त्याला राखणदार नेमलं होतं, पायात काळे बूट आणि कमरेला पाणघोड्याच्या कातड्याचा कोरडा दिला होता. तो कारखाना सायीतून निळा रंग काढायचा. राजधानीतला कुणी मालक, त्याच्याही पलीकडचे कुणी गिऱ्हाईक. परदेशातल्या पोरांच्या गोळ्यांत आणि गार मिठाईत तो रंग जायचा म्हणे. आधी बायकांनी ओली साय तिथे हौसेने नेऊन घातली. मग घरात वड्या पडेनात, कालवण पांढरं फटक व्हायला लागलं, तेव्हा त्यांनी हात आखडता घेतला. त्याला उत्तर म्हणून हे यंत्र आलं होतं.

"वहिनी, बायकांना मागे घ्या," चारी म्हणाला. "बुलामाने परवानगी दिलीय."

बुलामा म्हणजे गावचा म्होरक्या. यागाना म्हणाली, "दिली असेल. त्याने त्याची शेळी द्यावी. पाणी त्याचं नाही."

"मग कुणाचं? तुमचं?"

"घरी जा आणि आईला विचार कुणाचं ते."

"आईला दिवस कुठला आणि रात्र कुठली ते दिसेना झालंय. पाणी काय दिसणार तिला."

दोन-तीन बायका हसल्या, हसू आवरून खाली बघायला लागल्या. चारीने पाइप खांद्यावर घेतला आणि बुटासकट पाण्यात उतरला. एक पाऊल, दुसरं पाऊल. साय त्याच्या पोटऱ्यांभोवती फाटली आणि खालचं काळं पाणी दिसलं.

यागाना धावली ती पाण्यातच. तिने तुंबं दोन्ही हातांनी उचलून त्याच्या कानशिलात घातलं. तुंबं जुनं होतं, धुराने कडक झालेलं. ते फुटलं तसा त्याचा कानही फुटला. चारी गुडघ्यावर आला. उठला तेव्हा कानातलं रक्त गळ्यावरून सदऱ्यात उतरत होतं आणि 'वहिनी' कुठल्या कुठे गेली होती.

"तू माझ्यावर हात उचलतेस? रांडे, सगळ्यांसमोर?"

त्याने तिला दंडाला धरून काठावर ओढत आणलं आणि कोरडा काढला. पहिला फटका खांद्यावर बसला, दुसरा पाठीवर आडवा. तिसऱ्याला नेसूचं फाटलं. ती पालथी पडली तरी तो थांबला नाही. डोक्याचं फडकं सुटून गेलं होतं. चाळिशी ओलांडलेल्या बाईचे पांढरे व्हायला लागलेले केस उघडे पडले, आणि तिला पाठीपेक्षा त्याचीच लाज जास्त जाळत होती. ती हाताने केस झाकत होती, म्हणून तोंड झाकायचं राहिलं. कोरड्याचं टोक ओठावर बसलं आणि एक दात वाळूत पडला.

रांग तशीच उभी होती. रांगेच्या टोकाला चारीची बायको फालमाता होती. तिचं डावं मनगट वाकडं जडलेलं; लग्नाच्या दुसऱ्या वर्षी ते चारीने दारात घालून मोडलं होतं. ती पाण्याकडे बघत होती. फक्त पाण्याकडे.

मग यंत्र सुरू झालं. त्याचा आवाज एवढा होता की यागाना रडली की नाही हे कुणाला कळलं नाही. साय पाइपाच्या तोंडाशी गोळा व्हायची, फिरायची आणि आत जायची. दुपारपर्यंत काठावर नुसता चिखल राहिला.

*

यागानाचा नवरा म्बोदू खारपट्टीतून आला तेव्हा ती घरात पालथी पडली होती. सासू उशाशी बसून माश्या वारत होती. दिसत नव्हतं तरी आवाजावरून बरोबर वारत होती.

त्याने पाणी आणलं आणि तिची पाठ पुसायला घेतली. जन्मभर खार फोडून त्याच्या बोटांना भेगा पडल्या होत्या आणि भेगांत खार बसला होता. हात कितीही धुतला तरी तो निघायचा नाही. बोट जखमेला लागलं की ती दात आवळायची.

"राहू द्या," ती म्हणाली. "तुमचा हातच झोंबतो."

तो थांबला. मग फडक्याच्या टोकाने, बोट लागू न देता, पुसायला लागला.

"कोणी केलं ते तुम्हाला कुणी सांगितलं का?"

"सांगितलं."

"मग?"

"धाकटा आहे तो."

"धाकटा आहे," यागाना म्हणाली. जीभ दाताच्या खळग्यात जात होती म्हणून शब्द फाटके येत होते. "माझ्या कडेवर वाढला. नाक पुसलंय मी त्याचं. आज सगळ्या गावापुढे त्याने माझं डोकं उघडं केलं. तुम्ही बाजरी निवडत बसा."

सासूने पंखा खाली ठेवला. "म्बोदू," ती म्हणाली, "तो पाण्यात उतरला का?"

"उतरला, आई."

"बुटासकट?"

"हो."

म्हातारीने तोंड भिंतीकडे केलं. "जा मग," ती म्हणाली.

म्बोदू गेला. काय झालं ते यागानाला नंतर चारजणांकडून चार तऱ्हांनी कळलं, पण शेवट सगळ्यांचा एकच होता. कारखान्याच्या दाराशी दोघे भाऊ समोरासमोर आले. म्बोदूने त्याला आईकडे चल, पाया पड, एवढंच म्हटलं. चारी म्हणाला, बायको आवरता येत नाही त्याने मला शिकवू नये. म्बोदूच्या दंडात ताकद होती. त्याने चारीला उचलून पत्र्यावर आपटलं, पत्रा पोचला. पण खाली पडलेल्या भावाला मारायला त्याचा हात उठेना, आणि तेवढा वेळ चारीला पुरला. त्याने पाय ओढून म्बोदूला पाडलं, त्याचा उजवा हात दगडावर धरला आणि बुटाची टाच त्या हातावर घातली. पुन्हा घातली. आतून बघणाऱ्या मजुरांपैकी एकाने सांगितलं, वाळकी काटकी मोडावी तसा आवाज आला.

हाड बसवणाऱ्याने लाकडाच्या पट्ट्या बांधल्या. अंगठा वाचला. मधली बोटं पुन्हा वळली नाहीत. पहार धरायला मूठ लागते. मूठ गेली तशी खारपट्टी गेली.

बुलामा दोघांना भेटायला आला, दारात बसला, दूध प्याला. म्हणाला, "घरातली भांडणं घरात ठेवा. कारखाना गावाला विहीर बांधून देणार आहे. यागाना, तुला हवं तर तिथे कामावर लावतो."

"तळं मागितलं तर काम मिळतंय," यागाना म्हणाली.

"तळं कुठे पळून जातंय?"

*

कोठी रिकामी झाली तेव्हा ती कामावर गेली. पाठीवरच्या खपल्या अजून निघाल्या नव्हत्या. गावातल्या निम्म्या बायका तिथे होत्याच. तिला बघून कुणी मान खाली घातली, कुणी शेजारी जागा करून दिली.

काम फालमाताने शिकवलं. ओली साय पेट्यांत भरून गोठवायची, मग वितळू द्यायची. गोठून वितळली की तिचा जीव फुटतो आणि आतला निळा पाण्यात उतरतो. मग जाड फडक्यात घालून पिळायची, निळं पाणी पिंपात, चोथा बाहेर चरात. सगळं सावलीत, दारं लावून. ऊन लागलं की निळा मरतो. पत्र्याखाली ओल, कुबट वास आणि यंत्राची घरघर. हात कोपरापर्यंत निळे व्हायचे आणि घरी जाऊन राखेने घासले तरी नखांच्या कडेला राहायचे.

"बघा आक्का," फालमाता पहिल्या दिवशी म्हणाली, "एवढा निळा आपल्या पोटात जात होता आणि आपण काळ्याच राहिलो."

यागाना हसली. ओठ अजून शिवल्यासारखा होता, हसताना दुखला. किती दिवसांनी हसली होती कोण जाणे.

तिथला व्यवस्थापक जिमेट नावाचा दक्षिणेकडचा माणूस होता. वाईट नव्हता. सदा घाईत, सदा घामेजलेला, मालकाचा फोन आला की उभा राहून बोलणारा. यागाना त्याच्याकडे गेली आणि म्हणाली, "साहेब, सगळी ओढू नका. लव्हाळ्यातली ठेवा. त्यातूनच पुढची धरते."

"मला माहीत आहे, बाई," जिमेट म्हणाला. "शिकलोय मी तेच. पण मालकाला रोज इतकी पिंपं हवी आहेत. मी थांबलो तर तो दुसरा पाठवेल." आणि खरोखरच वाईट वाटल्यासारखं कपाळ पुसलं.

साय पातळ होत चालली. आधी दुधावरच्या सायीसारखी होती, मग ताकावरच्यासारखी झाली, मग पाण्याला नुसता हिरवट रंग उरला. पिंपं भरेनात. मालकाचा राग जिमेटवर, जिमेटचा चारीवर, आणि चारीचा ज्याच्या त्याच्यावर.

एका दुपारी फालमाताच्या वाकड्या मनगटातून पिंप निसटलं. निळं पाणी जमिनीवर पसरलं, दाराखालून बाहेर वाहत गेलं. चारी आत आला. त्याने पिंपाकडे बघितलं, मग तिच्याकडे. तिच्या मानगुटीला धरून त्याने तिचं तोंड निळ्या पाण्याच्या दुसऱ्या पिंपात दाबलं, वर काढलं, पुन्हा दाबलं. ती हातपाय झाडत होती. बायका पिळायचं सोडून उभ्या राहिल्या. यागाना पुढे झाली तर त्याने दुसऱ्या हाताने कोरडा काढला. पाठीने तो आधी ओळखला आणि तिचे पाय थिजले. ते पाय थिजले याचा तिला नंतर चारीपेक्षा जास्त राग आला.

सोडलं तेव्हा फालमाताचं तोंड निळं होतं. भुवया, नाकपुड्या, दातांच्या फटी. पुरुष मजूर हसले. चारीही हसला. "आता तू दिसायला लागलीस," तो म्हणाला.

फालमाता खोकत राहिली. मग उठली आणि सांडलेलं पुसायला घेतलं.

*

तळ्यात आता एवढंच उरलं होतं: लव्हाळ्याच्या आडोशाचा एक कोपरा. यागानाने सासूच्या सांगण्यावरून तिथे लव्हाळ्याच्या चटया पुरून कूड घातला होता. पाइपाच्या ओढीत तो कोपरा यायचा नाही. कुडाच्या आत साय दाट होती, जुन्या दिवसांसारखी. बायका येता-जाता बघून जायच्या. कुणी हात लावायची नाही.

वारा पडला त्या सकाळी चारी पाइप घेऊन कुडाकडे निघाला. बरोबर यंत्र ढकलायला दोन मजूर. यागानाला ते कारखान्याच्या दारातून दिसलं. तिने हातातलं फडकं पिळलं, झटकलं, दांडीवर वाळत टाकलं आणि बाहेर पडली. मागे वळून कुणाला बोलावलं नाही. पण उतारावर आल्यावर मागे पावलांचा आवाज आला. बायका येत होत्या, निळे हात घेऊन.

चारी कूड उपटत होता. तो कमरेपर्यंत पाण्यात होता.

"चारी, बाहेर ये," यागाना म्हणाली.

"पाठ बरी झाली वाटतं."

"बाहेर ये. तेवढा कोपरा सोड. बाकीचं नेलंस ना?"

"तेवढ्या कोपऱ्यावर माझी नोकरी आहे," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याच्या आवाजात काहीतरी थकलेलं होतं. "नाहीतर मी तुझ्या नवऱ्यासारखा दारात बसेन."

यागाना पाण्यात उतरली. तिच्या मागे दुसरी, तिसरी. मजूर बायका बघून मागे सरकले, मग पळाले. चारीने कोरडा काढला. पहिल्या बाईच्या गालावर तो बसला आणि गाल उकलला. दुसरीने फटका हातावर घेतला आणि कोरडा मनगटाभोवती गुंडाळून धरून ठेवला. त्याने ओढला, तिने सोडला नाही. तेवढ्यात मागून कुणीतरी त्याच्या पाठीवर उडी घातली.

मग कोण काय करतंय ते राहिलं नाही. तुंबी, मुठी, नखं. कुडाचे खुंट उपटून ते चालायला लागले. चारीने एकीच्या नाकावर डोकं हाणलं, एकीच्या पोटात लाथ घातली. ती बाई दुमडून पाण्यात बसली आणि ओकली. त्याचा बूट गाळात रुतला. तो आडवा झाला आणि साय त्याच्यावर मिटली. वर आला तेव्हा डोळे, तोंड, सगळं हिरवं. यागानाने त्याचे केस धरले आणि त्याला पुन्हा खाली घातलं. गुडघा त्याच्या पाठीवर, दोन खवाट्यांच्या मध्ये, टेकवला. सगळं वजन त्यावर दिलं.

तो तिच्याखाली जाळ्यातल्या मोठ्या माशासारखा उसळत होता. हात मागे करून तिच्या मांडीला ओरबाडत होता. तिला काही ऐकू येत नव्हतं. डोळ्यांपुढे उघडं पडलेलं स्वतःचं डोकं होतं, नवऱ्याची न वळणारी बोटं होती, निळं झालेलं तोंड होतं. मग मांडीवरची नखं सैल झाली. आणि एकाएकी तिला तो लहानपणचा आठवला, कडेवर बसून तिच्या खांद्यावर लाळ गाळणारा. तिने गुडघा काढून घेतला आणि धडपडत बाजूला सरली. समोर ती पोटात लाथ बसलेली बाई बुडत होती. यागानाने तिला बगलेत धरून काठाकडे ओढत नेलं.

वाळूवर पोचून वळली तेव्हा बायका मागे सरकल्या होत्या. मध्ये मोकळं पाणी होतं. चारी पालथा तरंगत होता, एक बूट पायात, एक नाही.

*

जिमेटने यंत्र त्याच दिवशी गाडीवर चढवलं. मालकाला गवगवा नको होता. सरोवराकाठच्या ठाण्यातून शिपाई आले, तर बुलामाने सांगितलं, पाइपात पाय अडकून बुडाला. त्यांना ते पटलं किंवा पटवून घ्यावंसं वाटलं, आणि ते एक बोकड घेऊन गेले.

पण गावाला गावाचं उत्तर हवं होतं. बाभळीखाली जाणते बसले. बायकांना एकेकीला विचारलं. प्रत्येकीने एकच सांगितलं: आम्ही सगळ्या पाण्यात होतो.

फालमाताला विचारलं. ती पांढरं नेसून बसली होती. "मला काही दिसलं नाही," ती म्हणाली. "डोळ्यांत साय गेली होती."

तेव्हा यागाना उठली. "मी मारला त्याला," ती म्हणाली. "गुडघ्याखाली धरला. वेळेवर सोडायला हवा होता, सोडला नाही. बाकीच्यांना विचारू नका."

मग प्रश्न आला रक्ताच्या भरपाईचा. मारणाऱ्याच्या घराने मेलेल्याच्या घराला गुरं द्यायची. बुलामा म्हणाला, "कुणाच्या गोठ्यातून सोडायची आणि कुणाच्या गोठ्यात बांधायची? घर एकच." एक म्हातारा हसायला लागला आणि मग खोकल्यात लपला.

म्बोदू बसलेला होता, पट्टी बांधलेला हात मांडीवर. त्याने सकाळीच भावाला मातीत ठेवलं होतं. एका हाताने माती लोटली होती. तो उठून यागानाजवळ आला. तिला वाटलं मारणार. तिने तोंड फिरवलं नाही. त्याने डाव्या हाताने तिच्या थोबाडीत मारली, एकदाच, आणि तिथेच खाली बसून ढसाढसा रडला.

शेवटी निवाडा सासूने केला. तिला दोघींनी धरून आणलं होतं.

"पाण्यात जीव घेतला," म्हातारी म्हणाली. "ज्या हाताने घेतला तो हात पुन्हा पाण्याला लागायचा नाही. यागाना काठावर यायची नाही. मी मरेपर्यंत नाही, मी मेल्यावरही नाही." आणि थोडं थांबून, "जेवण माझ्याबरोबरच करायचं. वेगळी चूल मांडायची नाही."

*

कुडातली साय आधी कोपऱ्यात फुगली, मग लव्हाळ्याबाहेर आली. पुन्हा उत्तरेचा वारा सुटायला लागला तोवर तळ्यावर बोटभर थर धरला होता. बायका पुन्हा रांगेने उभ्या राहायला लागल्या. यागाना टेकाडावरून बघायची. त्यापुढे जायची नाही.

फालमाताचे सुतकाचे महिने संपले. ती त्यांच्याच अंगणात राहायला आली. जायला दुसरं घर नव्हतं. म्बोदू डाव्या हाताने चटया विणायला शिकला होता, वाकड्यातिकड्या. इशारा कुणी द्यायचा यावर बायका भांडून भांडून थकल्या आणि शेवटी फालमाताचं नाव निघालं. म्हातारीने मान डोलावली.

पहिल्या दिवसाची साय घेऊन फालमाता अंगणात आली. पाण्याला हात लावायचा नाही असा निवाडा होता, वाळूला लावायचा नाही असं कुणी म्हटलं नव्हतं. यागानाने वाळूत गोल खळगा केला होता, तळाशी हात फिरवून गुळगुळीत. दोघी साय ओतत गेल्या, पाणी वाळूत जिरत गेलं, यागाना ओल्या तळव्याने वरचा थर सारखा करत गेली. म्हातारी आत झोपली होती. म्बोदू बाजाराला गेला होता.

"आक्का," फालमाता म्हणाली, "तुम्ही गुडघा काढून घेतला होता."

यागानाचा हात थरावर थांबला.

"तुम्ही त्या बाईकडे वळलात ना, तेव्हा तो उठत होता. तोंड वर आलं होतं. मला बघितलं त्याने. हात पुढे केला, मी धरीन म्हणून." फालमाता सायीकडे बघत बोलत होती, त्या दिवशी रांगेत पाण्याकडे बघत होती तशी. "मी त्याच्या मानेवर पाय ठेवला. मग दुसराही ठेवला. उभी राहिले त्याच्यावर. बाकीच्यांनी बघितलं. त्या बोलल्या नाहीत."

कुणाच्या तरी घरी कांडण चालू होतं. ते थांबलं, पुन्हा सुरू झालं.

"बाभळीखाली बसलीस तेव्हा तुला जीभ नव्हती?"

"होती."

"मी उठले तेव्हा?"

"तेव्हाही होती. भीती वाटली, आक्का. तुम्ही बोललात आणि मला वाटलं, सुटले."

यागानाने हात उचलला आणि तिच्या थोबाडीत मारली, म्बोदूने मारली होती त्याहून जोरात. फालमाता कलंडली, तिचा हात थरात गेला, वडी मोडली. गालावर पाच हिरवी बोटं उमटली. ती सावरून पुन्हा तिथेच बसली, पुढच्या फटक्याची वाट बघत. मार खायची तिला सवय होती. तिने मान किंचित पुढे केली होती, चारीपुढे करायची तशी.

ते बघितलं आणि यागानाचा वर गेलेला हात वरच राहिला.

तिने तो खाली घेतला. पदराला पुसला. म्हातारीला उठवून सांगता आलं असतं. आत जायला चार पावलं होती. मग तळं पुन्हा तिचं झालं असतं, आणि ही पोर घरातून हाकलली जाऊन कुठेतरी वाळूत हाडं होऊन पडली असती.

"आईला सांगितलंस?"

"नाही."

"सांगू नकोस. एका घरातनं एकच खुनी पुरे." तिने मोडलेला थर तळव्याने गोळा केला, पुन्हा पसरला, कडा बोटाने दाबल्या. "आणि रांगेत त्या पलीकडच्या आळीच्या पोरी ढकलाढकली करतात, मला वरून दिसतं. उद्या त्यांना मागे उभ्या कर. पहिल्याच दिवशी सोडलंस तर पुढे कुणी ऐकायचं नाही."

"करते," फालमाता म्हणाली.

"लव्हाळ्याकडची पट्टी ठेवलीस ना?"

"ठेवली, आक्का."

"मग आण दुसरं मडकं. ऊन चढतंय."